खिडकीत दिवा दिसेपर्यंत

ड्यूनफेल्ड,
रविवार, १८ फेब्रुवारी १९७३

ती. सालोमनदादास,
धाकट्या हेस्टरचा सप्रेम सलाम. वि. वि.

इकडे सगळं ठीक, म्हणजे वाळू आहे तिथेच आहे. वारा सुटला की ती दाराखालून येते, पिठात उतरते आणि आमच्या आंद्रीसच्या पितळी कॉर्नेटच्या झडपांत जाऊन बसते. परवा तो म्हणाला, की सरकारनं आपल्याला क्लिपबायमधून उचलून इथे आणलं ते घासून गुळगुळीत करायलाच. तू पाठवलेल्या चपला त्याला नीट बसल्या. डावी जरा चावते, पण तसं तुला कळवायचं नाही अशी मला ताकीद आहे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आपल्या चर्चच्या मंडळीच्या पंचांनी ठरवलंय, की या ईस्टरला बँड पूर्वीसारखा पहाटे क्लिपबायच्या गल्ल्यांतून न्यायचा, दारोदार वाजवून सगळ्यांना उठवत, सूर्योदयाच्या प्रार्थनेसाठी कबरस्तानापर्यंत. तो भाग गोऱ्यांचा ठरवून आपल्याला बाहेर काढल्यापासून आपण कसं करतो ते तुला माहीत आहे. पहाटे बसमधून तिथल्या आपल्या चर्चच्या दाराशी उतरायचं, कबरस्तानात गायचं आणि पाहुण्यांसारखं परत फिरायचं. पाळकसाहेबांनी भर उपासनेत सांगितलं, की आम्ही कुणाकडे काही मागायला जात नाही. आमची दारं जागी करायला जातोय. ज्याला डोळे असतील त्यानं बघावं, त्या दारांचं काय केलंय ते. नगरपालिकेनं परवानगी नाकारली. ते उत्तर पाळकसाहेबांनी चर्चच्या फळ्यावर लावलं, लग्नांच्या आणि बाप्तिस्म्यांच्या सूचनांशेजारी.

दादा, बँडमास्तर आंद्रीस आहे. आणि तोच आंद्रीस सरकारी खात्याच्या शाळेत मास्तर आहे. त्याच्या शाळेतल्या एका बाईंनी मागल्या वर्षी नुसती एका अर्जावर सही केली, तर त्यांचं नाव हजेरीपटावरून गेलं. मी त्याला म्हटलं, की कॉर्नेट दुसऱ्या कुणाच्या हातात दे. तो म्हणाला, की दारांचा क्रम दुसऱ्या कुणाला पाठ नाही. आणि दिव्याचा नियम? तो तर तूच त्याच्या डोक्यात ठोकून बसवलास. खिडकीत दिवा दिसेपर्यंत बँडनं दारासमोरून हलायचं नाही. कॅटीआत्याला काडेपेटी सापडेना, तेव्हा तेच कडवं वाजवून वाजवून तुझे ओठ सुजले होते, आठवतं? आत्या आतून ओरडत होती, की अरे मेल्यांनो, उठलेय मी, पुढे व्हा! तरी तू हलला नाहीस. झोपलेल्याला मागे टाकून कबरस्तानात जायचं नाही, म्हणालास.

आता पाडलेल्या घराच्या खिडकीत दिवा कोण लावणार? त्याला तू लिही. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकेल. नवऱ्याला समजावायला भावाची मदत मागावी लागते, याची थट्टा मात्र पत्रातून करू नकोस, तो वाचतो.

धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
हेस्टर

•

फ्रेडेनक्लूफ,
३ मार्च १९७३

चि. हेस्टर हिला,
दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. डावी चप्पल चावते कारण तुझ्या नवऱ्याचा डावा पाय उजव्यापेक्षा मोठा आहे, हे मी लग्नातच पाहिलं होतं. ओल्या कापडात रात्रभर गुंडाळून ठेव.

आंद्रीसला मी लिहिलं. त्याचंही उत्तर आलंय, तेव्हा तुझ्यापासून लपवत नाही. मी म्हटलं, की बाबा, चर्चच्या आवारात वाजवा, भिंतीच्या आत. देवाला काय, तिथूनही ऐकू येतं. तो लिहितो, की देवाला ऐकू यावं म्हणून आपण कधी दारोदार गेलो होतो? मीच शिकवलेला पोरगा मलाच उलटा धडा देतो, म्हणजे शिकवणी पुरी झाली म्हणायची.

त्यानं मला माझा बास, तो जुना पितळी भोंगा, घेऊन यायलाही सांगितलंय. त्यांच्याकडे आता खालचा सूर धरणारं कुणी उरलं नाही. मी नाही म्हणून कळवलं. इथली जमीन मिशनची असली तरी तिच्यावर सरकारचा डोळा आहे हे तुला ठाऊक आहे. आमचे पाळक म्हणतात, की फ्रेडेनक्लूफचा एकही माणूस तिकडे दिसला तर त्यांना निमित्तच हवंय. आणि माझं वय झालं. खरं तर वय हे मी नंतर जोडलं, आधी भीतीच आली.

पण बाई, एक गोष्ट मनातून जात नाही. पाडलेल्या घरांचं सोड, तिथे आपली माणसं दिवा घेऊन उभी राहतील. केल्प गल्लीतलं तुमचं घर उभं आहे आणि त्यात दुसरे राहतात. त्या दाराशी काय करणार, हे आंद्रीसनं लिहिलेलं नाही. मी विचारलं होतं. त्यानं पत्रात त्याऐवजी हवापाण्याचं लिहिलंय.

ईस्टरच्या व्हिनेगरमधल्या माशांत साखर कमी घाल. आईच्या हातचं म्हणून तू जे मुरवतेस ते मुरंब्याच्या जवळ जातं.

आशीर्वाद आहेतच. काळजी दोघांत वाटून घे.

तुझा दादा,
सालोमन

•

ड्यूनफेल्ड,
झावळ्यांचा रविवार, १५ एप्रिल १९७३

ती. दादास,
सप्रेम सलाम. वि. वि.

घाईत लिहिते. गुरुवारी शाळेत खात्याचे साहेब आले. आंद्रीसच्या वर्गात मागे बसून राहिले, भागाकार बघत. जाताना एवढंच म्हणाले, की जोर्स्ट मास्तर, तुमचा वर्ग छान आहे, तो असाच तुमच्याकडे राहावा अशी माझी इच्छा आहे. आंद्रीसनं घरी येऊन हे इतक्या शांतपणे सांगितलं, की मी पातेलं खाली ठेवलं.

आज उपासनेला मागच्या बाकावर एक अनोळखी गोरा गृहस्थ होता. पोलिसांचाच, बूट सांगत होते. पण दादा, काय गातो! खर्जात असा भरून गायला, की लीया म्हातारी मागे वळून वळून बघत होती. बाहेर पडताना आंद्रीस त्याला म्हणाला, की आमच्याकडे बासची जागा रिकामी आहे, ईस्टरला या. तो हसला नाही. मला हसू आलं ते मी रुमालात दाबलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी देते. पंचांची त्यावर बरीच हमरीतुमरी झाली. तरुण पोरं म्हणत होती, की प्रत्येक दाराशी थांबायचं, उभ्या घरांशी तर आधी. मग पाळकसाहेब पोलीस कॅप्टनला भेटून आले. तो त्याच्या चर्चमध्ये पंच आहे म्हणे. तो म्हणाला, की रिकाम्या जागांवर उभे राहा, मी नावं लिहून घेईन आणि ईस्टरचा दिवस म्हणून डोळे मिटून घेईन. पण एकाही गोऱ्या कुटुंबाच्या दाराशी थांबलात तर बँडमास्तरला तिथेच अटक. शेवटी ठरलं, की जिथे दुसरे राहतात ती दारं न थांबता ओलांडायची. आंद्रीसनं मान डोलावली. तेव्हा केल्प गल्लीतून तो वाजवत सरळ पुढे जाईल.

मी जाणार नाही. त्याला सांगून टाकलं, की मी घरी मासे मुरवीन आणि तू परत आलास तर तुला वाढीन. ‘आलास तर’ हे त्याला झोंबलं. दोन दिवस झाले, मीठ दे आणि दार लाव एवढंच बोलतोय.

आज चर्चमधून बसकडे जाताना केल्प गल्लीच्या तोंडाशी पाय रेंगाळला. आमच्या जुन्या घरात आता राहणाऱ्या बाई पिशव्या घेऊन फाटकाशी झटत होत्या. इतकी वर्षं झाली तरी त्यांना कळलेलं नाही, की कडी आधी वर उचलायची आणि मग ढकलायचं. आंद्रीसनं ते फाटक कधी दुरुस्त केलं नाही. माझ्या तोंडाशी आलं होतं, सांगावं. मग पायाखाली बघत निघून आले.

प्रार्थनेत आम्हाला धर. माझी प्रार्थना सध्या नुसतीच पुटपुट होते.

तुझी,
हेस्टर

•

ड्यूनफेल्ड,
मंगळवार, २४ एप्रिल १९७३

ती. सालोमनदादा यांस,
आंद्रीसचा सप्रेम सलाम. वि. वि.

हे पत्र माझ्या अक्षरात बघून घाबरू नका. हेस्टरची तब्येत चांगली आहे. ती लिहू शकत नाही, कारण ती क्लिपबायच्या पोलीस ठाण्यात आहे. सुट्ट्यांमुळे कोर्ट उद्या उघडेल.

सगळं क्रमानं सांगतो. तुम्हाला सांगताना मलाही कळेल.

ईस्टरच्या पहाटे धुकं होतं, पण दिसण्याइतकं उजाडलं होतं. चौकात पोलिसांच्या गाड्या आधीपासून उभ्या होत्या. आम्ही वाजवत निघालो. लीया म्हातारी आपल्या घराच्या जागी, गवतात, स्टुलावर बसली होती. मांडीवर कंदील. आम्ही थांबलो, तिनं कंदील वर केला, आम्ही पुढे झालो. मग फेब्रुवारी आडनावाचं ते कुटुंब, त्यांची तर जिन्याची पायरी तेवढी शिल्लक आहे, तिच्यावर सगळे ओळीनं. दार नाही, भिंत नाही, तरी प्रत्येक जण आपला दिवा तिथेच धरत होता जिथे त्याची खिडकी होती. दादा, मी कुणालाही ते सांगितलं नव्हतं. गोऱ्यांच्या घरांचे पडदे हलत होते. आम्ही ती घरं ओलांडत गेलो, ठरल्याप्रमाणे. मागे माणसांची रांग वाढत होती.

केल्प गल्ली आली. आता शपथेवर सांगतो, माझ्या मनात काही नव्हतं. न थांबता जायचं हे मी मनात घोकत होतो. पण आमच्या त्या दारासमोर माझे पाय थांबले. तुम्ही लावलेली सवय. मी थांबलो म्हणून पोरं थांबली आणि कुणी काही समजायच्या आत कडवं सुरू झालं. मीच सुरू केलं होतं.

एकदा सुरू झाल्यावर हलायचं कसं? मी डोळ्यांनी खूण केली, पुढे व्हा. एकानंही पाऊल उचललं नाही. ती बेइमानी नव्हती, तुमचा नियमच होता. खिडकीत दिवा नव्हता.

कॅप्टन आला. त्यानं माझ्या कानाशी सांगितलं, की कडवं संपलं की तू माझ्याबरोबर चल. कडवं मध्येच तोडायला त्याचं मन होईना. टोपी काढून तो तिथे उभा राहिला. मग आम्ही कडवं संपूच दिलं नाही. शेवटचा सूर आला की मी पहिला पकडायचा. असं किती वेळा झालं ते मला सांगता येणार नाही. कॅप्टनची मान लाल होत गेली. आतला पडदा हलला, एक चेहरा दिसला, परत पडदा. दिवा कुणी लावला नाही. त्यांना ठाऊक तरी कसं असणार, की आम्ही त्याचीच वाट बघतोय. एका पोराच्या ओठातून रक्त आलं. खालच्या सुराला कुणी नव्हतं, सगळा भार वरच्यांवर. तुमची आठवण काढली, रागानं काढली, तेही लिहितो.

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली आणि हेस्टर आली. घरी मासे मुरवत बसायची होती ना ती? आमच्या मागच्या बसनं आली होती म्हणे. अंगावर घरातलाच एप्रन, हातात आपला स्वयंपाकघरातला कंदील. तिनं कॅप्टनकडे बघितलं नाही, माझ्याकडेही नाही. फाटकाची कडी वर उचलली, ढकललं, आत गेली आणि खिडकीच्या बाहेरच्या फळीवर कंदील ठेवला. वात जरा मोठी केली. मग वळून हनुवटीनं मला खूण केली, जशी ती मला घरी करते, की बघत काय बसलायस, नीघ.

दादा, मी निघालो.

दुसऱ्याच्या आवारात शिरली म्हणून त्यांनी तिला धरलं. बँड दारासमोरून हलला तेवढं कॅप्टनला पुरलं, मला त्यानं जाऊ दिलं. मला दिसत होतं. तिला गाडीकडे नेत होते आणि मी वाजवत होतो. थांबलो असतो तर तो दिवा फुकट गेला असता. बरोबर केलं की नाही हे तुम्ही सांगू नका. मला अजून ऐकवणार नाही.

कबरस्तानात पोचलो तेव्हा सूर्य समुद्रातून वर आला होता. सगळे आले होते, आमचं दारही मागे राहिलं नव्हतं.

माशांचं भांडं फडताळात तसंच आहे. मी झाकण उघडलेलं नाही.

लोभ आहे हे मी धरून चालतो.

तुमचा,
आंद्रीस जोर्स्ट

•

ड्यूनफेल्ड,
२० मे १९७३

ती. दादास,
सप्रेम सलाम. वि. वि.

मी घरी येऊन बरेच दिवस झाले, पण पेन धरवत नव्हतं. कुणी मारलं-बिरलं नाही. ठाण्यातली घोंगडी मात्र अशी होती, की मी मनातल्या मनात ती सारखी धुत होते. गाडीत माझा पेटता कंदील मांडीवर घेऊन एक कोवळा शिपाई बसला होता. त्याला वात खाली करता येईना, हात भाजेल म्हणून अवघडून गेला होता. शेवटी मीच सांगितलं, की बाळा, ते चाक डावीकडे फिरव.

कोर्टात त्या घरच्या बाई आल्या होत्या. चोरी काही झाली नाही म्हणाल्या, पण खिडकीच्या फळीवर काजळी धरलीय, ती निघत नाही. मला सांगावंसं वाटलं, की लिंबाच्या सालीनं घासा, मी वर्षानुवर्षं तसंच काढत आले. पण आरोपीनं विचारल्याशिवाय बोलायचं नसतं. मग मॅजिस्ट्रेटनं विचारलं, की परक्याच्या आवारात का शिरलीस. मी म्हटलं, साहेब, बँड अडकला होता, आणि सूर्य कुणासाठी थांबत नाही. मागे कुणीतरी हसलं, त्याला बाहेर काढलं.

तुरुंग टळला. पण पुढली तीन वर्षं मी क्लिपबायमध्ये पाऊल टाकायचं नाही. चर्चमध्ये नाही, आईच्या कबरीवर नाही. टाकलं तर सरळ आत. पाळकसाहेब उपासनेनंतर इथे येऊन मला प्रभुभोजनाची भाकर देतात, बशीवर रुमाल टाकून, वाळू लागू नये म्हणून.

आणि ज्याची मला भीती होती ते झालं. खात्याचं पत्र आलं. जुलैपासून शाळेत आंद्रीसची गरज नाही. तो मासे डब्यात भरायच्या कारखान्यात जाणार आहे. त्याला राग आलाय, की मी गेले नसते तर त्याला अटक झाली असती आणि नोकरी जायचीच होती ती गेली असती, पण मी तरी चर्चला जाऊ शकले असते. मी म्हटलं, की मग सगळे अजून केल्प गल्लीतच वाजवत उभे असते. त्यावर तो हसला. महिन्यात पहिल्यांदा.

तू विचारशील, की आधी नको नको म्हणणारी तू का गेलीस. मासे मुरत घालता घालता मला ते दार दिसायला लागलं. आपलं घर तसंच झोपलेलं राहणार आणि सगळी मंडळी त्याच्यासमोरून निघून जाणार. एवढंच. त्यापुढचा विचार मी बसमध्येही केला नाही.

कंदील कोर्टानं परत दिला. मुठीला दोरीनं एक पुठ्ठा बांधलाय, ‘पुरावा’ असं लिहून. आंद्रीस कात्री घेऊन आला होता, मी म्हटलं राहू दे.

पंचांनी ठराव केलाय. पुढल्या ईस्टरला एकही दार ओलांडायचं नाही, ज्यात दुसरे राहतात तेही नाही. या खेपेला पायांच्या सवयीनं झालं, पुढल्या खेपेला ठरवून. फक्त केल्प गल्लीत दिवा कोण नेणार हे ठरत नाही. आंद्रीसच्या हातात कॉर्नेट असणार. आणि मला बंदी.

मासे शेवटी आम्ही खाल्ले. फार मुरले होते. साखर तुझ्या सांगण्यावरून कमी घातली होती, चूक केली.

तुझी आठवण येते, एवढं धरून ठेव.

हेस्टर

•

फ्रेडेनक्लूफ,
९ जून १९७३

चि. हेस्टर व चि. आंद्रीस यांना,
दादाचे आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला, कारण आधी इथे एक काम उरकायचं होतं. आमच्या पाळकांना जाऊन भेटलो. त्यांनी परत जमिनीचं सांगितलं, निमित्ताचं सांगितलं, सगळं खरं आहे ते सांगितलं. मी ऐकून घेतलं आणि म्हटलं, की मग पुढल्या वर्षापुरतं फ्रेडेनक्लूफच्या वहीतून माझं नाव काढून ठेवा, म्हणजे मी तिथे दिसलो तर तो तुमचा माणूस नसेल. त्यांनी वही उघडली, परत मिटली. मग म्हणाले, की नाव राहू द्या, बास मात्र पुसून न्या, हिरवा पडलाय.

आंद्रीस, बास मी आणतो, पण वाजवणार मी नाही. इथला एक जाडजूड गडी तयार करतोय, छाती माझ्यापेक्षा मोठी आहे आणि अक्कल पुरेशी. सप्टेंबरपासून त्याला तुझ्याकडे पाठवतो, दारांचा क्रम शिकव. तू रागानं आठवण काढलीस ते बरं केलंस. तशीच लागू पडते.

हेस्टर, कंदील पुठ्ठ्यासकट माझ्यासाठी तयार ठेव. रॉकेल भरून. केल्प गल्लीत तो मी नेईन. मला त्या गावात कुणी बंदी केलेली नाही. अजून.

एकच खात्री करून घेतो, या वयात फाटकाशी झटत बसायला नको. कडी आधी वर उचलायची आणि मग ढकलायचं, असंच ना?

उलट टपाली कळव.

तुमचा दादा,
सालोमन